वाळूखालचे निखारे

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नद्यांना राखणदार असत आणि कासवं माणसांशी बोलत.

एका राजाने आपल्या राज्यातल्या नदीला अभय दिलं होतं. तिच्या काठी वाटसरूने एकच रात्र उतरावं, फांदी तोडू नये, विस्तव शेगडीतच करावा आणि सकाळी राखसुद्धा सोबत न्यावी, असा दंडक होता. उताराशी एक म्हातारी राखण करी. ती प्रत्येकाला शेगडी आणि राखेसाठी एक मडकं देई.

जत्रेला निघालेला एक कासार तिथे मुक्कामाला आला. आधीच बांगड्यांचं ओझं, त्यात हे मडकं. त्याला वैताग आला. शेगडी धड पेटेना, तेव्हा त्याने सरळ वाळूत तीन दगड मांडले आणि भाकरी भाजून घेतली. उजाडताना निखारे अजून लाल होते. ते विझेपर्यंत थांबायला कुणाला सवड होती?

"मूठभर निखाऱ्यांनी नदी थोडीच जळते," असं म्हणत त्याने ते वाळूत पुरले. वरून हात फिरवून जागा सारखी केली, दगड जिथून उचलले होते तिथे परत ठेवले आणि रिकामं मडकं घेऊन तो चालता झाला. आपल्या हुशारीचं त्याला कौतुकच वाटलं.

जत्रेत सगळ्या बांगड्या खपल्या. परतताना तो पुन्हा त्याच उतारावर आला, तर तिथे बरेच वाटसरू जमले होते. म्हातारीने त्याला ओळखलं.

"बघा रे, उतरावं तर याच्यासारखं," ती सगळ्यांना म्हणाली. "हा गेला आणि इथे माणूस राहून गेला, हे मला शोधूनसुद्धा सापडलं नाही."

कासाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्यात पाण्यातून एक कासवीण हळूहळू वर आली आणि त्याच्यासमोर थांबली.

"दादा, तुम्ही चांगले आहात, म्हणून तुम्हालाच विचारते," ती म्हणाली. "या वाळूत माझी अंडी होती. कुणीतरी वर निखारे पुरले. सगळी भाजून गेली. तुमच्यामागून एक धनगर इथे उतरला होता. मी त्यालाच बोलले, चारचौघांत बोलले. 'मी नाही गं बाई,' म्हणत होता बिचारा. कुणी ऐकलं नाही. मान खाली घालून मेंढरं घेऊन निघून गेला. मी त्याला बोलले ते बरोबरच केलं ना?"

सगळे कासाराकडे बघत होते. नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. पण त्याची मान हलेना. ज्या हाताने वाळू सारखी केली, तो हात कुठे लपवावा हे त्याला कळेना. भूमी दुभंगेल तर बरं, असं त्याला झालं.

"निखारे माझे होते," तो कसाबसा म्हणाला.

म्हातारीने त्याच्याकडे पाठ फिरवली. कासवीण आली तशी पाण्यात गेली आणि त्या वाळूवर पुन्हा कधी अंडी घालायला आली नाही.

कासार पुढे जत्रेजत्रेतून त्या धनगराला शोधत फिरला. मेंढरांचा कळप दिसला की धावत जाई, पण तो धनगर त्याला कुठेच भेटला नाही. म्हातारपणीही कुणी त्याला भला माणूस म्हटलं, की तो मान खाली घाली.

तात्पर्य : निखारे वाळूखाली झाकता येतात, पण त्यांनी कुणाला भाजलं ते झाकता येत नाही.