तांबटानं तोलून आणलेला कॅमेरा

एका गावात एक तांबट राहायचा, आणि त्याला वाटायचं की जगातली कुठलीही वस्तू तळहातावर तोलली आणि बोटाच्या पेरानं वाजवली, की तिची लायकी कळते. तांब्याच्या भांड्याची कळतेच. पण हा दाराची कडी घेताना तोलायचा, कुलूप तोलायचा, छत्रीसुद्धा तोलायचा. जड ते खरं, हलकं ते फसवं, असा त्याचा हिशेब. माणूस मात्र वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उचलला नाही. फक्त बायकोला काही विचारायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

बायको त्याची हलव्याचे दागिने करायची. संक्रांत जवळ आली की पहाटे उठून शेगडीवर परात ठेवायची, खसखशीवर पाक थेंबथेंब सोडायची आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत बसायची. थंडी चांगली असली आणि हात शांत असला, तर दाण्याला काटा येतो. प्रत्येक दाण्यावर बारीक बारीक टोकं. हलव्यात सगळं कसब त्या काट्याचंच. काटा नसला तर तो नुसता साखरेचा मणी.

मग ती आणि तिची विधवा नणंद मिळून ते दाणे दोऱ्यात ओवून काळ्या कापडावर टाकायच्या. नव्या नवरीसाठी हार, बिंदी, बाजूबंद. बाळासाठी मुकुट आणि बासरी. नणंदेला दुसरं काही उत्पन्न नव्हतं. वर्षभराची तिची साडीचोळी, औषधपाणी, सगळं याच कामावर.

पण बाजारात प्लॅस्टिकच्या मण्यांचे दागिने आले. पांढरेशुभ्र, मुंग्या न लागणारे. गावातल्या बायकासुद्धा म्हणायला लागल्या, "एकदा घेतले की दरवर्षी चालतात बाई." हलव्याला गिऱ्हाईक कमी झालं. नणंद म्हणाली, "वहिनी, यंदा नाही खपलं तर मी भावाच्या घरात फुकट जेवायची नाही हं. मी जाईन कुठंतरी धुणीभांडी करायला."

"गप बसा वन्सं," तांबटाची बायको म्हणाली.

तेवढ्यात शहरातून एका दुकानवालीचा फोन आला. "बाई, तुमच्या हलव्याचं नाव ऐकलंय मी. पण माझं गिऱ्हाईक फोटो बघितल्याशिवाय काही ठरवत नाही. फोटोत काटा दिसला पाहिजे. दिसला तर तुमचा सगळा माल मी उचलते. नाही दिसला तर प्लॅस्टिकचे आहेतच माझ्याकडे. लांबून दोन्ही सारखेच दिसतात."

तेव्हा घराघरात फोन होते ते नुसते बोलायचे. फोटो काढायचा तर कॅमेराच लागायचा. तांबटाच्या बायकोनं हलव्याच्या कमाईतून साठवलेले पैसे नवऱ्यापुढं ठेवले आणि म्हणाली, "कॅमेरा घेऊ या. मी पण येते दुकानात."

"तू कशाला?" तांबट म्हणाला. "मशीन आहे ते. तुला काय कळतं त्यातलं?"

आणि त्याला फार कळत होतं! पण बायकांच्या वस्तू बायकांना न विचारता आणायच्या, ही रीत काही त्यानं काढलेली नव्हती. घरोघर तीच आहे. पुरणयंत्र कुठलं घ्यायचं हेसुद्धा ज्याला कधी पुरण वाटायचं नाही तोच ठरवतो.

तांबट एकटाच तालुक्याला गेला. दुकानदारानं काचेवर कॅमेरे मांडले. "मामा, कशाचे फोटो काढायचेत?"

आता इथं खरं सांगायला काय झालं होतं? पण बायकोच्या साखरेच्या दाण्यांसाठी कॅमेरा हवा असं चार लोकांत सांगायची त्याला लाज वाटली. छाती पुढं काढून तो म्हणाला, "सगळेच काढायचेत. चांगल्यातला चांगला दाखवा."

आणि त्यानं आपली परीक्षा सुरू केली. एकेक कॅमेरा तळहातावर घ्यायचा, डोळे मिटून तोलायचा, पेरानं वाजवायचा, कान लावून ऐकायचा. दुकानातली पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. दुकानदार मात्र हसला नाही. त्यानं ओळखलं की या मामाला काय हवंय. वरच्या फळीवरून त्यानं एक धूड काढलं. पुढं हे एवढं लांब नळकांडं. "मामा, याच्यातून डोंगरावरची शेळी दिसते. दाढीसकट."

तांबटानं तोललं. मनगट खाली गेलं. "हां," तो म्हणाला, "ही वस्तू आहे."

गावात कॅमेरा आला तेव्हा वरात आल्यासारखी गर्दी झाली. कुणी नारळ फोडला, कुणी हार घातला. शेजारीण कुंकवाचं बोट थेट पुढच्या काचेला लावणार, तेवढ्यात तांबटाच्या बायकोनं तिचा हात धरला. ते कुंकू मग कॅमेऱ्याच्या मुठीला लागलं. तांबटानं अंगणातून लांबच्या देवळाच्या कळसाचा फोटो काढला. मागच्या काचेवर कळस आला, कळसावरचा कावळा आला, कावळ्याच्या चोचीतली काडीसुद्धा आली. लोक म्हणाले, "वस्तू आणावी तर तांबटानं!" तांबट दिवसभर जमिनीवर चालला नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोनं काळ्या कापडावर हार मांडला आणि कॅमेरा उचलला. एका हातात तो मावेना. दोन्ही हातांनी धरला तर मनगटं लटपटायला लागली. हाराजवळ नेला की ते नळकांडं किर्र किर्र करत आत-बाहेर व्हायचं आणि फोटोत नुसता पांढरा धूर यायचा. मागं सरकत सरकत पार भिंतीला टेकली, तेव्हा कुठं हार दिसला. पण कापडावर दही सांडल्यासारखा. दिवा चमकवला तर दाणे उजेडात विरघळूनच गेले. काटा नाही, दाणा नाही, काही नाही.

"अहो, जवळचं दिसत नाही यात," ती म्हणाली.

"कावळ्याच्या चोचीतली काडी दिसते आणि तुझा हार दिसत नाही? तुझा हात हलतोय."

नणंदेनं धरून बघितला. तिचाही हात हलला. मग दोघींनी मिळून पाटावर डबा, डब्यावर उशी आणि उशीवर कॅमेरा ठेवून बघितला. कॅमेरा उशीवरून घरंगळला, तो नणंदेनं ओटीत झेलला. शेवटी बायकोला खरंच वाटायला लागलं की आपल्यालाच अक्कल नाही. ज्या बोटांनी ती खसखशीच्या दाण्यावर काटा उभा करायची, त्या बोटांकडं बघून ती म्हणाली, "मेली माझी बोटंच जड झालीत." हे म्हणायची वेळ तिच्यावर यायला नको होती.

निघाले तसे फोटो तांबटानं तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडून शहरात पाठवले. दुकानवालीचा फोन आला. "बाई, राग मानू नका. हा हलवा आहे का बाळाची खिमटी, तेच कळत नाही. संक्रांत तोंडावर आली. माझी गिऱ्हाइकं थांबायची नाहीत. मी प्लॅस्टिकचे लावतेय."

नणंदेनं ओवायची सुई पुडीत घालून ठेवली. बायको परातीपुढं बसून राहिली. पाक थंड होऊन घट्ट झाला तरी उठली नाही. तांबटाला ते दिसत होतं. पण कॅमेरा चुकला म्हणायचं, तर नारळ फोडणाऱ्या लोकांना तोंड कसं दाखवायचं? तो बाहेर जाऊन ठोकत बसला.

त्या दिवशी एक म्हातारा घागर घ्यायला आला. मागं त्याची सून, डोक्यावर पदर घेऊन उभी. म्हाताऱ्यानं सगळ्यात जड घागर पसंत केली. "ही द्या. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल."

"आबा, थांबा," तांबट सवयीनं बोलून गेला. "पाणी कोण भरणार? तुम्ही का सूनबाई?"

"तीच की. मी कशाला?"

"मग तुम्ही बाजूला व्हा. सूनबाई, तुम्ही घ्या बरं कमरेवर. लाजू नका. रिकामी जड लागली तर भरल्यावर काय होईल?"

सुनेनं जड घागर कमरेवर घेतली आणि तिचा चेहराच पिळवटला. तांबटानं दुसरी दिली. ती तिच्या कमरेवर नीट बसली. पहिल्यांदाच ती बोलली, "ही."

"हलकी आहे रे ही," म्हातारा कुरकुरला.

"आबा, जिला वापरायची तिला पेलली नाही, तर घागर टिकून काय करायचीय? कोपऱ्यात पडून टिकेल."

आतून बायकोचा आवाज आला. "लोकांच्या सुनेला बरं विचारता येतं!"

म्हातारा हसला, सून पदरात हसली, आणि घागर घेऊन दोघं गेली. तांबटाचा हातोडा मात्र हातातच राहिला.

तो चिडला असता तर गोष्ट इथंच संपली असती. अशा कितीतरी गोष्टी इथंच संपतात. बाई गप्प बसते आणि महागाची वस्तू माळ्यावर जाते. पण तांबट चिडला नाही. हातोडा ठेवून तो उठला आणि आत गेला.

"उद्या पहिल्या गाडीनं तालुक्याला जाऊ," तो म्हणाला. "तू पण चल."

"मी कशाला? मशीन आहे ते. मला काय कळतं त्यातलं?"

त्यानं ते गिळलं. गिळायलाच हवं होतं. "तुला हलव्यातलं कळतं," तो म्हणाला. "मला तेवढंही विचारायचं सुचलं नाही."

सकाळी पारावरच्या लोकांनी हटकलंच. "काय तांबट, कॅमेरा घेऊन कुठं?"

"परत करायला. चुकीचा आणला मी."

दोन-चार जण खो खो हसले. तांबटाचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही.

दुकानदार आधी तयार होईना. "मामा, वापरलेला माल आम्ही परत घेत नाही. आणि मुठीला हे कुंकू कसलं?" बऱ्याच बोलाचालीनंतर तो घट धरून, थोडे पैसे कापून, बदलून द्यायला राजी झाला. तांबटानं मान खाली घालून ऐकलं. विचारलं होतं दुकानदारानं, सांगितलं नव्हतं यानं. मग भांडायचं कुणाशी?

बायकोनं पिशवीतून डबा काढला आणि हलव्याचा हार काचेवर ठेवला. "भाऊ, मला या दाण्याचा काटा दाखवणारा कॅमेरा द्या. शेळीबिळी काही नको."

दुकानदारानं कपाळावर हात मारला. "अहो ताई, हे आधी सांगायचं ना!" त्यानं खालच्या खणातून साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा काढला. "हे फुलाचं चित्र दिसतंय? जवळच्या बारीक वस्तूसाठी असतं हे. हे दाबायचं, दिवा बंद ठेवायचा आणि हार उजेडाकडं न्यायचा."

पण बाई एवढ्यावर भुलली नाही. तसले जेवढे होते तेवढे तिनं काढायला लावले. एकेका कॅमेऱ्यानं हाराचा फोटो काढला, एकेकाच्या काचेत डोळे घालून बघितलं. एकात दाणे निळसर आले, तो बाजूला. एकाचं बटण इतकं ताठ की दाबताना हात हलायचा, तोही बाजूला. दुकानदार घामाघूम झाला. शेवटी एक तिच्या मुठीत असा बसला की जणू तिच्याच मापानं घडवलाय. दाराशी उन्हाच्या कडेला हार ठेवून तिनं बटण दाबलं.

मागच्या काचेवर दाणा आला. आणि दाण्यावर काटा, एकेक टोक वेगळं.

"हा," ती म्हणाली.

तांबटानं सवयीनं तो कॅमेरा तळहातावर घेतला. काहीच वजन नाही. पेरानं वाजवला, तर पत्र्याच्या डबीसारखा वाजला. त्यानं तोंड उघडलं. बायकोनं नुसतं बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

त्याच दिवशी फोटो शहरात गेले. दुकानवालीचा फोन आला, "अगंबाई, हा हलवा होता होय! पण बाई, संक्रांतीचे दागिने माझे आता ठरून गेले." नव्या नवरीचे हार त्या वर्षी गेले ते गेलेच. चुकीची भरपाई पुरती कधी होत नाही. पण लेकरांची बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत चालतात. दुकानवाली म्हणाली, "बाळांचे मुकुट, बासऱ्या, वाळे, जेवढे होतील तेवढे पाठवा. आणि पुढच्या वर्षीच्या नवरीच्या हारांचं आत्ताच बोलून ठेवते."

नणंदेनं पुडीतून सुई काढली. "वहिनी, काळं कापड पुरायचं नाही हो," ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

खोकी गाडीवर चढवायला तांबट स्वतः जायचा. पारावर कुणी विचारलं, "काय तांबट, एवढासा कॅमेरा? कुठला घेतलास?" तर म्हणायचा, "मला नका विचारू. जिचा आहे तिला विचारा."

एकदा काम संपल्यावर बायकोनं गंमत म्हणून फुलाचं बटण दाबून नवऱ्याच्या तळहाताचाच फोटो काढला. काचेवर हातोड्याचे घट्टे आले, भेगा आल्या, भेगांत बसलेली तांब्याची काळी रेघ आली. तांबट बघतच राहिला.

"एवढा खडबडीत आहे माझा हात?"

"मला कधी विचारलंत?" बायको म्हणाली, आणि शेगडीवरची परात उतरवून घरात गेली.

तात्पर्य एवढंच, आणि ते पुरुषांनीच नव्हे, सासवांनी आणि कमावत्या लेकांनीही ऐकावं: वस्तू महाग का स्वस्त, जड का हलकी, हे मागाहून बघा. आधी ती कुणाच्या हातात आणि कशासाठी राहणार आहे, ते त्या माणसाला विचारा.