एक धागा, दोन घोडी

रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती आणि राजालाही आपल्या राज्याची शेवटची वेस नीट ठाऊक नव्हती, त्या काळची ही गोष्ट आहे. एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव चांगलं होतं, माणसं कामसू होती. पण रोज दुपार कलली की घाटातून धुकं उतरायचं आणि दिवेलागणीपर्यंत गल्लीबोळांत बसून राहायचं. भर उन्हाळ्यातसुद्धा.

त्या धुक्यात जनावरं हरवत. कधी बिथरून माणसांच्या अंगावर जात. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. घाटाच्या तोंडाशी एका झोपडीत एक म्हातारी राहायची. तिला सगळे राखणाई म्हणत. ज्याच्याकडे बसायचं जनावर असेल, त्याने दरवर्षी जनावरामागे एक पायली नाचणी तिला आणून द्यायची. ती त्या जनावराच्या गळ्यात लाल धागा बांधायची आणि नाचणी गावाच्या कोठारात जायची. धाग्याचं जनावर हरवलं, तर कोठार मालकाला दुसरं घेऊन देई. धाग्याच्या जनावराने कुणाला इजा केली, तर तो माणूस उठून कामाला लागेपर्यंत त्याचं घर कोठार चालवी.

जुनी माणसं आणखीही एक सांगत. गळ्यात धागा असला की धुक्यातलं कुणी त्या जनावरावर बसत नाही. पण हे सांगताना ती आवाज खाली आणत, आणि नवी माणसं ते हसण्यावारी नेत.

या गावात एक वैद्य होता. हात गुणाचा, बोलणं गोड. कुणाच्याही दाराशी जाऊन त्याने हाक मारली की दार लगेच उघडे. त्याच्याकडे पाखऱ्या नावाचा उंच घोडा होता. घाटापलीकडच्या गावांना तो त्याच्यावरून जायचा. वय झालं तसे वैद्याचे गुडघे कुरकुरू लागले. जवळच्या घरी जायला एवढ्या उंच घोड्यावर चढायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून त्याने एक ठेंगणी घोडी घेतली. तिचं नाव ठमी. तिच्यावर बसलं की वैद्याचे पाय जवळजवळ जमिनीला लागत.

तो ठमीला घेऊन राखणाईकडे गेला.

"एक पायली," राखणाई म्हणाली.

"आई, हिच्याकडे बघ तरी. केवढीशी आहे. विहिरीच्या आळीपलीकडे ती जायची नाही. पाखऱ्याची पायली मी दिलीच आहे. हिला पाव पायली पुरे."

"दोन जनावरं, दोन पायल्या."

"पण मी माणूस एक. एका वेळी एकावरच बसणार ना?"

म्हातारीने ठमीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तू एकावर बसशील रे बाबा. दुसऱ्यावर कोण बसेल, ते मी कसं सांगू?"

वैद्याला हे बोलणं पोरकट वाटलं. त्याने नाचणीची पिशवी तशीच खांद्यावर टाकली आणि तो घरी आला. गोठ्यात जाऊन पाखऱ्याच्या गळ्यातला धागा सोडला, ठमीच्या गळ्यात बांधला आणि गालातल्या गालात हसला.

बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, एका पायलीचा तर प्रश्न. मुंग्यांना याहून जास्त घालतो आपण."

"पायलीचा प्रश्न नाही गं. उगाच का द्यायची? ज्याच्यावर मी बसेन, त्याच्या गळ्यात धागा. जो गोठ्यात आहे, त्याला कसलं भय?"

तेव्हापासून हेच चालू झालं. लांब जायचं असलं की धागा पाखऱ्याला, जवळ जायचं असलं की ठमीला. महिनाभर सगळं ठीक होतं. मग सोडायला गेलं की धागा ओला लागू लागला. गोठा कोरडा, घोडा कोरडा, धागा तेवढा ओला. गाठही दर वेळी आधीपेक्षा घट्ट असायची.

एके सकाळी वाटेत भेटलेला गावचा कोष्टी म्हणाला, "वैद्यबुवा, काल धुक्यात एवढ्या घाईने कुठे निघाला होता? दोनदा हाक मारली, तुम्ही वळून पाहिलं नाहीत."

"काल? काल तर मी ठमीवर होतो. खालच्या आळीत."

"छे हो. पाखऱ्यावर होता. तुमची शाल ओळखली मी."

वैद्य घरी आला. पाखऱ्या जागेवर होता. गोठ्याची कडी लावलेली होती. पण घोड्याच्या पोटाला घाटातला काळा चिखल लागला होता आणि दौड आत्ताच संपल्यासारखा तो धापा टाकत होता.

वैद्याने चिखल धुतला. बायकोला काही सांगितलं नाही. त्या दुपारी त्याला पुन्हा खालच्या आळीत जायचं होतं. तो गोठ्यात बराच वेळ धागा हातात धरून उभा राहिला. राखणाईकडे जावं, असं मनात आलंही. पण आता जायचं म्हणजे आपलं चुकलं असं कबूल करायचं. त्याने धागा ठमीला बांधला. या वेळी त्याला हसू आलं नाही.

खालच्या आळीत तो एका म्हाताऱ्याची नाडी बघत बसला होता, तेव्हा बाहेर टापा वाजल्या. जड टापा. घरावरून गेल्या आणि कुंभारवाड्याकडे वळल्या. पाठोपाठ एक किंकाळी आली आणि कुणी तोंड दाबावं तशी थांबली.

वैद्य धावला. धुक्यात, मातीच्या फुटक्या घागरींमध्ये गिरजा कुंभारीण पडली होती. तिचा पाय मांडीपासून वाकडा झाला होता. तिने वैद्याकडे पाहिलं आणि ती कोपरांवर मागे सरकू लागली.

"जवळ येऊ नका," ती म्हणाली. "तुम्हीच अंगावर घातलात घोडा. मी तोंड बघितलं तुमचं."

वैद्याने मान वर केली. पुढे, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ, पाखऱ्या उभा होता. त्याच्या पाठीवर कुणीतरी बसलं होतं. तीच शाल, तेच वाकलेले खांदे. त्याने सावकाश मान वळवली. ते वैद्याचं स्वतःचं तोंड होतं, आणि पहिल्या दिवशी धागा सोडताना वैद्य जसा हसला होता, तसं ते गालातल्या गालात हसत होतं. मग घोडा वळला आणि स्वार त्याला घेऊन घाटाकडे चालता झाला. टापा बराच वेळ ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. गिरजा विधवा होती, घरात दोन पोरी आणि आंधळी सासू. तिचं चाक थांबलं की चूल थांबणार. लोकांनी राखणाईला विचारलं, "कोठारातून द्यायचं का?"

"धागा ठमीच्या गळ्यात आहे," राखणाई म्हणाली. "पाय मोडला पाखऱ्याने. कोठाराचा संबंध नाही."

कुणी वैद्याची बाजू घेऊन म्हणालं, "पण बुवा त्यावर नव्हतेच. ते नाडी बघत होते, म्हाताऱ्याच्या घरचे साक्ष देतील."

वैद्य उभा राहिला. तो म्हणाला, "बसलेला मी नव्हतो. पण घोडा माझा होता. त्याचा धागा मीच काढला. गिरजाचं घर मी चालवीन."

त्याने शब्द पाळला. गिरजाचा पाय बांधला, रोज लेप दिला. पाय सांधला, पण आखूड राहिला, आणि पायाने चाक फिरवणं तिला पुन्हा कधी जमलं नाही. तिच्या पोरी चाकावर बसेपर्यंत, तीन सुग्या, वैद्याच्या घरातली निम्मी नाचणी तिच्या घरी गेली. पाखऱ्या परत आला नाही. कोठाराने त्याबदली काही दिलं नाही आणि वैद्याने मागितलंही नाही. ठमीची पायली तो दरवर्षी स्वतः नेऊन देई.

पण जे गेलं ते नाचणीने भरून येणारं नव्हतं. त्यानंतरही धुकं उतरलं की घाटाच्या वाटेवर उंच घोड्यावरचा स्वार लोकांना दिसे, आणि त्याचं तोंड वैद्याचं असे. म्हणून दुपारनंतर वैद्याने कुणाच्या दाराशी हाक मारली, तर आतली माणसं कडी न काढता दार नुसतं किलकिलं करत. मग फटीतून एक हात बाहेर येई, धाग्यासाठी ठमीची मान चाचपे, आणि त्यानंतर कडी निघे. आत रोगी कण्हत असे, आणि वैद्य औषधाची थैली छातीशी धरून उंबऱ्याबाहेर ताटकळत असे. त्याच्या स्वतःच्या घरीही तसंच होई.

जे जे आपलं म्हणून घरात आणलं, त्या प्रत्येकाची जबाबदारी वेगळी घ्यावी लागते. ते लहान आहे किंवा दुसरं आहे म्हणून ती टळत नाही.