फळीमागची पिल्लं

भिंतीत होतं भोक. भोकात होतं घरटं. घरट्यात होती दयाळ पक्ष्याची इवली इवली पिल्लं, आणि जवळ त्यांची आई.

घर होतं जुनं. विजूताईंनी ते विकत घेतलं होतं. नीट करायचं, रंगवायचं आणि भाड्याने द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

एकदा बाबा दयाळ पाणी प्यायला गेला. भुर्र. पाणी पिऊन परत आला, तर काय? भोकासमोर मोठी फळी. आतून आवाज, चीं चीं चीं.

दयाळाने चोच मारली. टक टक टक. फळी हलेना.

पण दयाळ रडला नाही. शेपटी केली वर आणि निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

रंगारी गफूरचाचा रंग ढवळत होते. डब डब डब.

"गफूरचाचा, फळी हलवा. फळी हलेना, पिल्लं भेटेनात."

"म्हादूकाका गिलावा करतील, तर याच फळीवर चढून मी भिंत रंगवीन. मग फळी हलवीन."

दयाळ निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

गवंडी म्हादूकाका थापी घासत होते. खर्र खर्र.

"म्हादूकाका, गिलावा करा. गिलावा होईना, भिंत रंगेना, फळी हलेना, पिल्लं भेटेनात."

"नळ गळतोय, भिंत ओली आहे. जोसेफमामा नवा नळ बसवतील, तर मी गिलावा करीन."

दयाळ निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

प्लंबर जोसेफमामा नुसतेच बसले होते.

"जोसेफमामा, नळ बसवा. नळ बसेना, गिलावा होईना, भिंत रंगेना, फळी हलेना, पिल्लं भेटेनात."

"विजूताई नळ आणतील, तर मी बसवीन."

दयाळ निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

विजूताई पायरीवर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"विजूताई, नळ आणा. नळ येईना, नळ बसेना, गिलावा होईना, भिंत रंगेना, फळी हलेना, पिल्लं भेटेनात."

"इथे राहायला कुणी येतच नाही रे. त्या बघ कुमुदमावशी. त्या राहतील, तर मी नळ आणीन."

कुमुदमावशी घर बघून परत निघाल्या होत्या. चटक फटक, चटक फटक.

दयाळ धावला. टुणुक टुणुक टुणुक टुणुक.

"कुमुदमावशी, राहायला या. कुणी राहीना, नळ येईना, नळ बसेना, गिलावा होईना, भिंत रंगेना, फळी हलेना, पिल्लं भेटेनात."

"घर चांगलं आहे रे. पण मी एकटी. इथे सगळं गप्प गप्प. मला नाही करमायचं."

दयाळ दमला होता. पाय दुखत होते. तरी तो फाटकावर चढला. छाती फुगवली. शेपटी वर. आणि गायला लागला.

टुई टुई टुईऽऽ. ट्रिर्र टुई.

मावशी थांबल्या. दयाळ गातच राहिला. मावशींनी पिशवी खाली ठेवली.

"रोज गाशील?"

"रोज सकाळी गाईन."

"मग मी राहते," मावशी म्हणाल्या.

मावशी राहिल्या, विजूताईंनी नळ आणला. नळ आला, जोसेफमामांनी बसवला. खट. नळ बसला, म्हादूकाकांनी गिलावा केला. थाप थाप. गिलावा झाला, गफूरचाचांनी भिंत रंगवली. सर्र सर्र. फळीमागे हात घालून भोकाभोवती ब्रश अगदी हळू फिरवला.

भिंत रंगली, आणि फळी हलली. धप्प.

दयाळ आत शिरला. पिल्लं आईच्या पंखाखाली होती. बाबाने आपला पंख पसरला आणि सगळ्यांनाच जवळ घेतलं.

दयाळ घरी आला. आपली गोष्टही घरी आली.