आवडाईची तांबडी

फार वर्षांपूर्वी, जेव्हा मीठ घाटाखालून बैलांच्या पाठीवर चढून यायचं आणि चिमूटभर सांडलं तरी घरात आरडाओरड व्हायची, तेव्हाची ही गोष्ट. सावरमाळ तेव्हाही असंच दरीच्या काठावर बसलेलं होतं. घरं कमी होती, कोंबड्या मात्र आजच्यापेक्षा जास्त होत्या.

त्या गावात आवडा नावाची सून आली. आज सगळे तिला आवडाई म्हणतात, पण तेव्हा ती अगदी कोवळी पोर होती. तिला कोंबड्यांचं कळायचं. कुणाची कोंबडी मान टाकून बसली, कुणाचं अंडं अडलं, की बाया पदराखाली कोंबडी धरून आवडाच्या अंगणात हजर. असं म्हणतात, की आवडा बोलायची आणि कोंबड्या ऐकायच्या. आता तुम्ही म्हणाल, कोंबडी कधी कुणाचं ऐकते का? नाही ऐकत. पण आवडा मात्र कोंबडीचं ऐकायची, आणि तेवढं पुरायचं.

तिचा नवरा रायाजी मिठाच्या खेपा करायचा. एका दसऱ्यानंतर तो बैल घेऊन निघाला. या खेपेला त्याला लांब जायचं होतं, खाडीच्या पलीकडच्या मिठागरांवर. निघताना त्याने खुराड्यात हात घातला आणि एक तांबूस पिल्लू काढून आवडाच्या ओंजळीत ठेवलं.

"हिनं पयलं अंडं घालायच्या आत मी दारात. बघच तू," तो म्हणाला.

आवडा हसली. पिल्लू चिवचिवलं. बैल खिंडीत दिसेनासे झाले तरी त्यांच्या घंटा ऐकू येत राहिल्या, आणि मग त्याही थांबल्या.

सावरमाळात तेव्हा एक रीत होती. घरचा माणूस घाट उतरला, की घरातल्या एका पिल्लाच्या पायात सावरजाई देवीच्या नावाने लाल दोरा बांधायचा. माणूस सुखरूप परतला की ती कोंबडी देवीची. तोवर त्या दोऱ्याला कुणी हात लावायचा नाही. दोरा बांधायचा तोही वर, मांडीशी, पिसांच्या आत, म्हणजे कुणाची दृष्ट लागत नाही. आणि गाठ घट्ट मारायची, कारण सैल गाठीचा माणूस वाट चुकतो, अशी सगळ्यांची समजूत. आवडाची सासू कोंडाबाई शेजारी उभी राहिली, "आणखी घट्ट, आणखी घट्ट" म्हणत राहिली, आणि आवडाने त्या तांबूस पिल्लाच्या काडीएवढ्या पायावर गाठ मारली.

पिल्लाची तलंग झाली, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. तांबडी म्हणजे अगदी तांबडी, उन्हात उभी राहिली की डोळे दिपावेत अशी. शिमगा आला. रायाजीबरोबर गेलेली माणसं परतली. म्हणाली, खाडीजवळच्या बाजारात आमची चुकामूक झाली, तो मागून येतोय. आवडाने त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि खिंडीकडे बघत बसली.

त्या दिवसापासून ती संध्याकाळी चुलीतली राख चाळून दारात पसरू लागली. रायाजीची सवय तिला माहीत होती. उशीर झाला की तो हाक मारायचा नाही, ओसरीवरच पडायचा आणि उजाडायच्या आत बैलांना ओढ्यावर न्यायचा. आवडाला भीती वाटायची की तो येईल, दार बंद बघेल, आणि आपली गाठ पडायची नाही. निदान राखेत पाऊल तरी दिसेल.

शेजारणी घाबरल्या. "अगं, अशी राख मेल्याच्या नावानं पसरत्यात."

"मी जित्याच्या नावानं पसरते," आवडा म्हणाली.

रोज सकाळी ती दार उघडून खाली वाकायची. राखेत कधी मांजराचे ठसे असायचे, कधी बेडकाचे. त्याचं पाऊल कधीच नसायचं.

आणि अशातच तांबडी लंगडायला लागली.

आधी नुसता डावा पाय आखडला. मग ती एका पायावर उभी राहू लागली, दाणे टाकले तरी मागे राहू लागली. आवडाने तिला मांडीवर घेतलं. तळवा बघितला, काटा नव्हता. बोटांच्या बेचक्यात चिखलाचे गोळे वाळून बसतात, म्हणून कोमट पाण्याने पाय धुतला, तरी फरक नाही. झोपायची काठी उंच होती, उडी मारताना पाय मुरगळला असेल, म्हणून काठी खाली बांधली. अंडं अडलं असेल म्हणून पोट चाचपलं. पोट मऊ होतं. गावातल्या सगळ्या कोंबड्यांचं दुखणं हाताने ओळखणारी आवडा स्वतःच्या कोंबडीपुढे हात टेकून बसली.

गावाने मात्र निकाल देऊन टाकला. नवसाची कोंबडी लंगडली म्हणजे देवी तिला ओढते. देवी ओढते म्हणजे आता माणसाची आशा नाही. हे कुणी आवडाच्या तोंडावर बोललं नाही, पण पाणवठ्यावर ती गेली की बाया गप्प व्हायच्या. तेवढ्यावरून तिला काय ते कळलं.

एके सकाळी ती नेहमीसारखी दार उघडून वाकली. राखेवरून तांबडी नुकतीच चालत गेली होती. आवडा नवऱ्याचं पाऊल शोधत होती, पण डोळा कोंबडीच्या पावलावर अडला. तळव्यात काटा असता तर कोंबडी बोटांवर चालली असती, आणि राखेत मधली जागा कोरी राहिली असती. इथे तसं नव्हतं. उजव्या पायाची बोटं छान पसरून उमटली होती. डाव्या पायाची बोटं मिटलेलीच होती, आणि मिटलेला पंजा राखेत रेघ ओढत गेला होता. म्हणजे दुखणं पंजात नव्हतंच. पंजा उघडावा एवढा जीवच वरून खाली येत नव्हता.

वर काय आहे ते आवडाला माहीत होतं. खरं सांगायचं तर आधीपासूनच माहीत असावं. सगळीकडे हात फिरवला होता तिने, फक्त मांडीच्या पिसांत बोट घातलं नव्हतं.

तिने तांबडीला धरलं आणि पिसं फुंकून बाजूला केली. दोरा दिसेना. बोटाला लागला तेव्हा कळलं, की पाय वाढला होता आणि दोरा तसाच राहिला होता. जितके दिवस रायाजी आला नाही, तितका तो आत रुतत गेला होता.

कोंडाबाई ओसरीवरून बघत होती. ती धावत आली. "हात लावू नगंस! त्यो दोरा तोडलास तर माझा ल्योक तोडलास."

"आत्याबाय, ही मरंल."

"मरू दे. आन् बरी झाली तर काय व्हईल, ठावं हाय न्हवं? अंडं घालंल. मंग?"

हीच गोष्ट आवडाच्या मनात होती आणि तिने ती मनातच पुरून ठेवली होती. लंगडी कोंबडी अंडं घालत नव्हती. अंडं नव्हतं तोवर रायाजीचा शब्द मोडला नव्हता. तो अजून वेळेत होता. कोंबडीचा पाय सुकत होता आणि दोघी बायका आपापल्या जागी गप्प बसून त्याच्यासाठी वेळ धरून ठेवत होत्या.

आवडाने सासूचं बोट धरलं आणि पिसांत, त्या दोऱ्यावर ठेवलं. खाली रक्त अडून धडधडत होतं. कोंडाबाईने बोट काढून घेतलं नाही. ती म्हणाली, "किती घट्ट बांधलंस गं पोरी."

"तुमीच म्हनला व्हता, आणखी घट्ट."

मग कोंडाबाई रडली. लेक गेल्यापासून ती रडली नव्हती. रडणं म्हणजे तो गेला असं मान्य करणं, असं तिला वाटायचं. त्या दिवशी तिने कोंबडी आपल्या मांडीवर घेतली, तिचे पंख पदरात गुंडाळले आणि तोंड फिरवून म्हणाली, "काप."

आवडाने विळ्याचं टोक तापवून दोऱ्याखाली सरकवलं. "आई सावरजाई, दोरा सोडते," ती म्हणाली. "त्याची वाट बघायचं न्हाई सोडत. राग आला तर माझ्यावर काढ." आणि तिने दोरा कापला.

असं म्हणतात, की त्याच क्षणी देवळातली घंटा आपोआप वाजली आणि तांबडी उठून धावत सुटली. मला विचाराल तर घंटा वाऱ्याने वाजली असेल, आणि पुढे बरेच दिवस त्या पायाला तेल-हळद लागली असेल. पण घंटा वाजली म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही.

तांबडीचा पाय सुटला. आणि एका दुपारी खुराड्यातून असा काही गलका झाला, की दोघींच्या हातातली कामं थांबली. आवडाने आत हात घातला. अंडं ऊन होतं. ते हातात धरून ती मोठ्याने रडली, अंगणात, सगळ्यांसमोर. रायाजी तिला तेव्हा जितका हवासा वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता.

कोंडाबाई म्हणाली, "कोंबडीनंच घाई केली गं. माझा ल्योक काय करील?"

ते अंडं त्यांनी खाल्लं नाही. उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवलं. त्यातून पिल्लू निघालं तेव्हा आवडाने त्याच्या पायात नवा लाल दोरा बांधला, पण आत करंगळी जाईल एवढा सैल. आणि दर पुनवेला ती तो सोडून पुन्हा बांधायची. गाव म्हणालं, सैल गाठीचा माणूस वाट चुकतो. आवडा म्हणाली, घट्ट गाठीचा तरी कुठं आला? मग एकेक बाई आपली नवसाची कोंबडी घेऊन येऊ लागली आणि पिसांत बोट घालून बघू लागली. कितीतरी दोरे रुतलेले निघाले. देवी कुणालाच ओढत नव्हती.

रायाजी आला नाही. आवडा म्हातारी झाली, कोंडाबाई कधीच गेली, तांबडीच्या नाती-पणत्या गावभर झाल्या, तरी दारातली राख चुकली नाही. ज्या सकाळी आवडाई उठली नाही, त्या सकाळी शेजारणी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थबकल्या. असं म्हणतात, की राखेत बैलांचे खूर उमटले होते. दारापर्यंत एका पुरुषाची पावलं आली होती. आणि परत जाताना पावलं दोघांची होती, शेजारी शेजारी, खिंडीच्या दिशेने. त्यांच्या मागे थोड्या अंतरापर्यंत एक कोंबडी गेली होती. तिच्या दोन्ही पायांची बोटं छान पसरलेली होती. इथे मात्र मी वाऱ्याचं नाव घेत नाही.

आता घाट डांबरी आहे आणि मीठ पुडीतून येतं. देवीला कोंबडी देणंही बंद झालं, दोऱ्याची कोंबडी आता म्हातारी होऊन मरते. पण सावरमाळात तलंगीचं पहिलं अंडं अजून कुणी खात नाही, ते घराबाहेर असलेल्या माणसाच्या नावाने उबवायला ठेवतात. पुनवेला बाया कोंबड्या मांडीवर घेऊन बसतात, दोरा सैल करतात, करंगळी घालून बघतात आणि त्या माणसाचं नाव घेतात. कुणाचा मुलगा सुरतेला असतो, कुणाचा नवरा आखातात. संध्याकाळी दारात आवडाईच्या नावाने राख पसरतात. सगळ्यांकडे फोन आहेत, कोण कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. तरी सकाळी राख झाडायच्या आधी प्रत्येक बाई खाली वाकून बघते.