अण्णांच्या अकरा लेकी

आमच्या काजू कारखान्याचे मालक केळुसकर अण्णा आम्हा बायकांना 'लेकी' म्हणायचे, आणि मी पंचेचाळीस वर्षांची घोडी त्यावर चक्क लाजायचे. त्या नादात सरकारने ठरवलेला किमान पगार मागायचाच राहिला.

एक दिवस कामगार खात्याचे साहेब आले. "मजूर किती?"

"मजूर कसले साहेब, सगळ्या माझ्या लेकी. घरच्यांना कसला कायदा?"

मी भरल्या डोळ्यांनी मान डोलावली. शेजारी काजू फोडणारी द्वारका मात्र उठली. "साहेब, तसंच लिहा आणि अण्णांची सही घ्या. लेकींना बापाच्या इस्टेटीत वाटा असतो ना?"

अण्णांनी घाईघाईने हजेरीपट काढला. "लिहा, अकरा मजूर. पगार कायद्याप्रमाणे."

घरी जाताना मी म्हटलं, "द्वारके, आज माझा बाप गेला गं."

"सात तारखेला येईल," ती म्हणाली, "पगार वाटायला."