भोपूची धुरी

"पण तो घोरतो कशानं, बाबा?"

वैजयंतानं पुन्हा विचारलं. मठातले सोमगिरी बाबा धुनीत लाकूड सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तिच्या कडेवर बाळ होतं. पदराखालून तिनं भोपूला काढून धुनीपाशी ठेवलं. इवलंसं कुत्रं, चपट्या नाकाचं, नवऱ्यानं शहरातून हौसेनं आणलेलं. अंग टेकल्याबरोबर झोपलं. घर्र... घर्र...

मग घोरणं मधेच थांबलं.

वैजयंतानं त्याच्या बरगडीवर हात ठेवला. तिचाही श्वास अडकला होता.

...

घर्र.

"बघितलंत? अस्संच होतं! पाळण्याखाली निजतो तो. थांबला की काळजात धस्स होतं माझ्या. सासूबाई म्हणतात, कुत्रं ते कुत्रं, त्याचं काय एवढं? पण डोळ्याला डोळा लागत नाही हो. एखाद्या वेळी थांबला आणि परत सुरूच नाही झाला तर?"

"काय काय केलंस?"

तिला जरा धीर आला. करण्यात ती कुठं कमी पडली नव्हती.

"काही ठेवलं नाही, बाबा. बाळाला न्हाऊ घातलं की शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी देते ना, तशीच यालाही देते. दारं-खिडक्या गच्च लावून. दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात दोरा बांधला. अंगात जीव धरावा म्हणून तूपभात चारते."

"मग?"

"मग काय... जास्तच घोरतो. म्हणून तर आले. तुमच्या गुरूंनी पेटवलेली ही धुनी कधी विझली नाही म्हणतात. हिचा एक निखारा द्या. त्याची धुरी दिली तर उतरेल."

बाबा हसले.

"अगं, त्याचं नाकच चेपलेलं. वारा जायला आधीच वाट नाही. त्यात तू धूर कोंबतेस. वर गळा आवळतेस."

"मी आवळते?" वैजयंताचा आवाज चढला. "पोटच्या पोरासारखं जपते मी त्याला!"

"दिसतंय."

धुरानं बाळ खोकलं. तिनं त्याची पाठ थोपटली.

बाबांनी भोपूच्या दोऱ्याखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना. त्यांनी चिमट्यानं दोरा तोडून टाकला. त्याला कुशीवर वळवलं. खांद्यावरच्या छाटीची घडी करून मानेखाली दिली.

"तूप बंद. गळ्यात पट्टा नको, छातीवरून बांध. आणि गुरांच्या डॉक्टरला त्याचा घसा दाखव."

"एवढंच? मंत्र नाही, अंगारा नाही..."



वारा फिरला. धुनीचा धूर भोपूच्या तोंडावर आला. घर्र... आणि थांबलं.

"बाबा!"

बाबा उठले. कोपऱ्यातलं ओल्या मातीचं घमेलं त्यांनी उचललं आणि धुनीवर उपडं केलं. फावड्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. निखारे चुरचुरले. धूर पातळ झाला... गेला.

वैजयंता पुढं झाली.

"अहो... हे काय केलंत? मी उचललं असतं की त्याला!"

"झोपलाय तो."

"झोपलाय म्हणून धुनी विझवायची? गुरूंची?"

बाबा भोपूशेजारी मांडी घालून बसले. त्याची हनुवटी छाटीवर जरा वर सरकवली.

घर्र... घर्र... बारीक, एकसारखं. वैजयंता वाट बघत राहिली. आता थांबेल. आता थांबेल...

थांबलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर चपला काढल्याचा आवाज आला. दुपारच्या आरतीला माणसं जमू लागली होती.

"आता लोकांना काय सांगायचं, बाबा? धुनी नाही, तर आरती कशी व्हायची?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, माय. आरती चालू आहे."