देवळाच्या मापाची शेगडी

डोंगराच्या पार वरच्या अंगाला, जिथे देवानेही फारसे येणे-जाणे ठेवलेले नव्हते, असे एक गाव होते. वर्षातले निम्मे महिने तिथे बर्फ असे आणि उरलेले निम्मे महिने लोक बर्फाबद्दल बोलत.

त्या गावात घराची अब्रू उबेवर ठरे. पाहुण्याने आत येऊन अंगावरची घोंगडी उतरवली, म्हणजे घर मानाचे. तो घोंगडी लपेटून तसाच बसून राहिला, तर यजमानाला तोंड दाखवायला जागा उरत नसे. मुलगी पाहायला येणाऱ्यांची रीत आणखी कडक. त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची घोंगडी उतरेपर्यंत मुलीने कुडाआडून बाहेर यायचे नाही आणि कोणी तिला हाक मारायची नाही. ही रीत कोणी घातली हे कोणालाच माहीत नव्हते. त्यामुळे ती मोडायची परवानगी कोणाकडे मागावी, हेही माहीत नव्हते.

तिथे एक लोकरीचा व्यापारी राहत असे. घर एका खोलीचे, बुटक्या छपराचे. कोपऱ्यात कूड घालून केलेला एक आडोसा. घरात बायको आणि एकुलती लेक साळू. साळू हसरी होती, आणि हसताना तोंडावर हात ठेवायला हमखास विसरे. खोऱ्यापलीकडच्या एका बड्या घराने तिच्यासाठी विचारणा केली, तसा व्यापारी शेगडी घ्यायला खालच्या बाजारात उतरला.

लोहाराकडे दोन शेगड्या होत्या. एक गुडघ्याएवढी, काळी, साधी. दुसरी छातीएवढी, पितळी कडांची, पायांना सिंहाचे पंजे.

"खोली केवढी आहे, शेठ?" लोहाराने विचारले.

"खोलीचं काय विचारतोस? माणूस केवढा आहे ते बघ."

"माणूस दिसतोय. खोली दिसत नाही, म्हणून विचारलं."

"ती सिंहाची दे."

"ती देवळाच्या सभामंडपासाठी केलीय. तुमच्या घरात नीट पेटवलीत तर भाजून निघाल. मग हवेची झडप मिटून, दाबून जाळाल. दाबलेला जाळ वाईट, शेठ. धुरांड्यात डांबरासारखी काजळी धरते, वाट बुजते आणि धूर उलटा घरात येतो. दिसणारा धूर परवडला, निदान खोकला तरी येतो. पण त्यात एक विषारी वायू असतो, तो दिसतही नाही आणि त्याचा वासही येत नाही."

"दिसत नाही, वास येत नाही, मग तो आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"लाकूड चांगलं वाळलेलं घाला, धुरांडं वरचेवर झाडा, झरोका उघडा ठेवा," एवढे लोहाराने एका दमात म्हटले आणि शेगडी गोणपाटात बांधून दिली. सांगणे हे त्याचे कर्तव्य होते आणि विकणे हा धंदा. त्याने दोन्ही उरकले.

पहिल्याच दिवशी शेगडी अशी तापली की शिंक्यातले लोणी वितळून मांजराच्या डोक्यावर पडले. दार उघडावे लागले आणि सगळी ऊब अंगणात गेली. तेव्हापासून व्यापारी झडप मिटून ओली लाकडे जाळू लागला. ओले लाकूड सावकाश जळते, म्हणजे ते काटकसरीचे, अशी त्याची समजूत होती. दारावरचा झरोका त्याने लोकरीने बुजवला. लोकर काय, घरचीच होती.

"अहो, धुरांडं झाडायला हवं," बायको म्हणाली. "बोट लावलं की काळं गळतंय."

"झाडायचं म्हणजे शेगडी विझवायची. आपल्या धुरांड्यातून धूर निघत नाही असं लोकांनी बघितलं तर?"

"लोकांना काय आपलं छप्पर बघायचं काम आहे?"

"या थंडीत दुसरं काय काम आहे त्यांना?"

हळूहळू सकाळी उठल्यावर मायलेकींची डोकी ठणकू लागली, पोटात मळमळू लागले. पाण्याला बाहेर गेल्या की बरे वाटे. "घरात काम असतं म्हणून घरात डोकं दुखतं," व्यापाऱ्याने निदान केले. तो स्वतः दिवसभर बाहेर असे. त्यामुळे त्याचे डोके ठीक होते, निदान दुखण्यापुरते.

पाहुणे यायच्या दिवशी त्याने शेगडी लाकडांनी ठासून भरली, झडप मिटली, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. बायको बाहेर पडवीत स्वयंपाकाला लागली. साळू नटून कुडाआड बसली. धुरांड्याचा काळे गळणारा जोड तिथेच, तिच्या डोक्याशी होता.

"बाबा, डोकं फार जड झालंय. झरोका थोडा उघडा ना."

"आजचा दिवस कळ काढ, बाळा. झरोका उघडला तर ऊब जाईल, आणि ऊब गेली तर सोयरीक जाईल."

"मग मी जरा बाहेर बसू?"

"वाऱ्याने चेहरा फुटेल. बस इथेच."

साळू हसली आणि बसली. तोंडावर हात ठेवायला ती याही वेळी विसरली. व्यापारी दार घट्ट ओढून पाहुण्यांना आणायला वेशीवर गेला.

पाहुणे आले ते दुपार कलल्यावर. मुलाच्या बापाने घोंगडी उतरवली, काकाने उतरवली. आजोबा मात्र लपेटूनच बसले.

"म्हातारी हाडं, शेठ," ते म्हणाले. "यांना ऊब जरा उशिरा कळते."

व्यापाऱ्याने आणखी दोन ओली लाकडे शेगडीत सारली. बायको गुळाचे गरम पाणी घेऊन आत आली. तिची नजर कुडाकडे गेली.

"साळूची काहीच चाहूल नाही," ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. "मी बघून येते."

"आजोबांची घोंगडी अजून अंगावर आहे. रीत ठाऊक नाही का?"

"हाक नाही मारत. नुसती डोकावते."

"डोकावलीस तर मुलीत काही खोट आहे असं वाटेल त्यांना. लाजतेय ती. उभी राहा गुमान."

ती उभी राहिली. ते उभे राहणे पुढे तिला जन्मभर पुरले.

काका जांभया देऊ लागला. मुलाच्या बापाने कपाळ दाबून धरले. शेवटी आजोबांनी अंगावरची घोंगडी झटकून दिली, आणि व्यापाऱ्याचा चेहरा उजळला.

"उतरली! साळू, ये बाळा, बाहेर ये!"

"ऊब नाही हो," आजोबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "मला गुदमरतंय. दार उघडा."

कुडाआडून कोणी आले नाही. आई धावली. साळू कुडाला डोके टेकून बसली होती. गालांवर अशी लाली होती की कोणीही तिला पसंत केले असते.

काकाने लाथ मारून दार उघडले. तिला अंगणात आणून बर्फावर निजवले, हातपाय चोळले, नावाने हाका मारल्या. आता हाका मारायला कोणाची हरकत नव्हती. वाराही भरपूर होता. साळू उठली नाही.

गाव सांत्वनाला आले. सिंहाचे पंजे घराला लाभत नाहीत, असे सर्वानुमते ठरले. आणि पुढच्या थंडीत दोघातिघांनी तेवढ्याच मोठ्या, पण हत्तीच्या पायांच्या शेगड्या आणल्या.

व्यापाऱ्याच्या बायकोने पहार घेतली आणि झरोक्याची भिंत फोडून तिथे खिडकीएवढे भगदाड केले. ते परत बुजवायची नवऱ्याला छाती झाली नाही. आता त्या घरात वारा सुखाने ये-जा करतो. पाहुणे येत नाहीत. दोघे विझलेल्या शेगडीच्या दोन बाजूंना बसलेले असतात.

"फार थंडी वाजतेय का गं?" तो कधीतरी विचारतो.

"वाजू दे," ती म्हणते. "वाजतेय, म्हणजे आपण जिवंत आहोत."



तात्पर्य, अजूनही ज्यांना ते सांगावे लागेल त्यांच्यासाठी: शेगडी खोलीचे माप बघून घ्यावी, लाकूड वाळलेले जाळावे, धुराची आणि वाऱ्याची वाट मोकळी ठेवावी, आणि घरातले माणूस डोके जड झाले म्हणाले, तर पाहुणे, रीत आणि अब्रू यांना खुशाल थंडीत बसू द्यावे, पण आधी दार उघडावे.